‘व्हीलचेअर सांगून ठेवली आहे’ म्हणजे नेमकं काय सांगितलं?

तिकीट काढताना ‘स्पेशल असिस्टन्स’ नावाचा एक छोटा चौकोन दिसतो. त्यात ‘व्हीलचेअर’ निवडली की घरातल्यांना वाटतं, झालं काम. पण त्या चौकोनातून पुढे जातो तो चार अक्षरांचा एक कोड. तो आधी विमान कंपनीच्या आरक्षणात नोंदला जातो, मग विमानतळावर मदत पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे, चेक-इन काउंटरवर, गेटवर, केबिन क्रूकडे आणि शेवटी उतरायच्या विमानतळावर पोचतो. यातल्या कोणीही प्रवाशाला पाहिलेलं नसतं. त्यांच्यासमोर असतात ती फक्त चार अक्षरं. ती चुकीची असली किंवा मध्येच गळली, तर पुढची सगळी माणसं प्रामाणिकपणे चुकीची तयारी करून उभी राहतात. दारात उभ्या असलेल्या माणसावर ओरडून तेव्हा काही उपयोग नसतो. घोळ दोन दिवस आधीच झालेला असतो.

व्हीलचेअरचे मुख्य कोड तीन. पहिला डब्ल्यूसीएचआर, म्हणजे लांबचं अंतर झेपत नाही, पण जिना चढता येतो आणि विमानात आपल्या सीटपर्यंत चालत जाता येतं. दुसरा डब्ल्यूसीएचएस, म्हणजे जिना चढता-उतरता येत नाही, मात्र विमानाच्या दारापासून सीटपर्यंत चालता येतं. तिसरा डब्ल्यूसीएचसी, म्हणजे सीटपर्यंतही चालता येत नाही आणि सीटवर बसवावं लागतं. फोनवर नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हटलं की बहुधा पहिला कोड पडतो, कारण तो सगळ्यात हलका.

एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा बंद पूल, लागला तर पहिल्या आणि दुसऱ्या कोडातला फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. विमान लांब उभं असलं, बसने जायचं असलं आणि समोर शिडी लागलेली असली, की मात्र तोच फरक सगळं ठरवतो. दुसरा किंवा तिसरा कोड असलेल्या प्रवाशासाठी ॲम्ब्युलिफ्ट लागते. ही ट्रकवरची बंद खोली असते, ती हायड्रॉलिकवर वर उचलली जाते आणि विमानाच्या दाराला भिडते. अशा गाड्या विमानतळावर मोजक्याच असतात आणि यादी बघून त्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. यादीत नाव नसेल तर गाडी दुसऱ्या विमानाकडे गेलेली असते. मग एक तर ताटकळायचं, नाही तर चौघांनी धरून शिडीवरून न्यायचं. दुसऱ्या प्रकारात प्रवासीही पडू शकतो आणि उचलणाऱ्यांच्या कमरेचंही काही खरं नसतं.

हलका कोड पडण्यामागे भीडही असते. ‘तशा आई थोडंफार चालतात हो’ हे वाक्य घरात खरं असतं. घरात भिंत असते, कठडा असतो, हाताशी माणूस असतं. विमानाच्या शिडीच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, वारा असतो, मागे रांग खोळंबलेली असते. म्हणून आजाराचं नाव सांगत बसण्यापेक्षा काय जमतं आणि काय जमत नाही, ते मापात सांगावं. ‘गुडघ्याचा त्रास आहे’ यातून समोरच्याला काहीच कळत नाही. ‘सपाटीवर पन्नास पावलं चालता येतं, मग बसावं लागतं. पायरी एकही चढता येत नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. उजव्या हातात जोर नाही, त्यामुळे डाव्या बाजूने आधार द्यावा लागतो,’ असं सांगितलं की कोड आपोआप बरोबर पडतो. शिवाय नोंदीत एक मोकळी ओळ असते, तिथे बाजूचा तपशील लिहून घ्यायला सांगता येतो.

ज्यांना व्हीलचेअर नकोच असते त्यांच्यासाठी वेगळे कोड आहेत: दिसत नसेल तर बीएलएनडी, ऐकू येत नसेल तर डीईएएफ, बौद्धिक किंवा विकासात्मक अडचणीमुळे सोबत लागत असेल तर डीपीएनए, आणि नुसतं कोणी तरी भेटून पुढे घेऊन जायला हवं असेल तर एमएएएस. यातला डीपीएनए फार कमी वापरला जातो. स्मृतिभ्रंश असलेल्या पण तुरुतुरु चालणाऱ्या माणसासाठी घरचे व्हीलचेअर सांगतात, कारण तेवढीच माहीत असते. अटेंडंट त्यांना प्रतीक्षा कक्षात नेऊन बसवतो आणि पुढच्या प्रवाशाला आणायला जातो. पाय चांगले असल्यामुळे ते उठतात आणि चालू लागतात. अटेंडंटच्या यादीत ‘फक्त अंतर झेपत नाही’ असंच लिहिलेलं असतं. यांना एकटं सोडायचं नाही, हे त्याला कळायला मार्गच नसतो. अशा वेळी योग्य कोड घालावा आणि तरीही घरचं माणूस सोबत असावं. न दिसणाऱ्या अडचणींसाठी हिरव्या पट्ट्यावर सूर्यफुलं असलेली गळ्यातली दोरी बऱ्याच विमानतळांवर ओळखली जाते. ही पद्धत २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. ती घातलेल्या माणसाशी कर्मचारी जरा दमाने बोलतात, पण कोडचं काम त्या दोरीने होत नाही. दोन्ही लागतं.

आता ४८ तासांविषयी. निघण्याच्या ४८ तास आधी कळवा, असं जवळजवळ सगळीकडे सांगतात आणि लोकांना तो कागदी नियम वाटतो. युरोपीय संघाचा ११०७/२००६ हा नियम पाहिला की त्यामागचं गणित दिसतं. प्रवाशाने ४८ तास आधी सांगायचं, आणि विमान कंपनीने निदान ३६ तास आधी ती माहिती निघण्याच्या, उतरण्याच्या आणि मधल्या विमानतळांना पोचवायची. माणसं आणि गाड्या किती लागणार, याची पाळी त्या यादीवरून लागते. उशिरा सांगितलं म्हणून मदत नाकारत नाहीत, जमेल ते करतात. पण ‘जमेल ते’ म्हणजे आधी सांगितलेल्यांचं आटोपल्यावर उरलेलं माणूस.

मदत देण्याची जबाबदारी कोणाची, हेही सगळीकडे सारखं नाही. युरोपीय संघात ती विमानतळ चालवणाऱ्या संस्थेची आहे, अमेरिकेत विमान कंपनीची. त्यामुळे गेटवर अडकल्यावर कोणाचा माणूस शोधायचा, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी ‘कम्प्लेंट्स रिझोल्यूशन ऑफिशियल’ नावाचा, तक्रारी सोडवणारा अधिकारी कंपनीला उपलब्ध ठेवावा लागतो, प्रत्यक्ष किंवा फोनवर. काउंटरवर शांतपणे या पदाचं नाव घेऊन ‘त्यांच्याशी बोलायचं आहे’ म्हटलं की संभाषणाचा सूर बदलतो.

कोड घातला गेला याची खातरजमा कशी करायची? आरक्षण यंत्रणेत प्रत्येक विनंतीला एक स्थिती असते. मागणी गेली आहे पण उत्तर आलेलं नाही, ही एक. मान्य झाली, ही दुसरी. आणि शक्य नाही, ही तिसरी. मान्य झालेल्या विनंतीपुढे एचके ही अक्षरं येतात. म्हणून फोनवर ‘नोंद केली आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. ‘प्रत्येक टप्प्यावर कोणता कोड आहे आणि त्याची स्थिती काय, वाचून दाखवा,’ असं म्हणावं. जाणं-येणं धरून चार टप्पे असतील तर चारही. जातानाची नोंद आहे आणि परतीची नाही, हे नेहमीचं आहे. वेळापत्रक बदललं, विमान बदललं, तिकीट पुढे ढकललं, की जुनी नोंद नव्या आरक्षणावर आली आहे असं गृहीत धरू नये. पुन्हा फोन करावा. शेवटी सगळं ई-मेलवर मागावं.

कोडशेअरमध्ये हमखास गोंधळ होतो. तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं. नोंद विकणाऱ्या कंपनीकडे होते, माणूस उडतो चालवणाऱ्या कंपनीबरोबर. तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ पुढे जिचं नाव असेल तिच्याकडून तिचा स्वतःचा पीएनआर (आरक्षण क्रमांक) घ्यावा आणि तिथे स्वतः तपासावं. आणि स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढून मध्ये विमान बदलायचं ठरवलं, तर पहिल्या कंपनीच्या लेखी प्रवास मधल्या विमानतळावर संपतो. अटेंडंट बाहेरच्या दाराशी सोडून जातो. सामान घेणं, पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी, सगळं दुसऱ्या कंपनीच्या नव्या विनंतीवर अवलंबून. ज्याला मदत लागते त्याने ही बचत करू नये.

एकाच तिकिटावरच्या जोडविमानातही वेळ मोकळा ठेवावा. यंत्रणा जो कमीत कमी वेळ दाखवते तो धडधाकट माणसाच्या चालीवर बेतलेला असतो. व्हीलचेअरचा प्रवासी सहसा सगळ्यांच्या शेवटी उतरतो, मग अटेंडंटची वाट, मग लिफ्ट, मग सिक्युरिटी. आंतरराष्ट्रीय जोडविमानाला तीन तास हे चैनीचे नव्हेत.

वैद्यकीय परवानगीचा भाग वेगळा. अपंगत्व जुनं आणि स्थिर असेल तर डॉक्टरांचं पत्र सहसा लागत नाही, आणि कोणी मागितलं तर का लागतं ते विचारायला हरकत नाही. परवानगी लागते ती अलीकडच्या ऑपरेशननंतर, प्रकृती अस्थिर असताना, प्रवासात ऑक्सिजन लागणार असताना किंवा स्ट्रेचरवरून जायचं असताना. त्यासाठी मेडिफ नावाचा फॉर्म असतो. त्याचा एक भाग प्रवाशाने आणि दुसरा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा. मग कंपनीचा वैद्यकीय विभाग तो तपासतो. ‘फिट टू फ्लाय’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी परत येते, आणि ते योग्यच आहे. तपासणाऱ्याला हवं असतं ते हे: निदान, ऑपरेशनची तारीख, जादा ऑक्सिजन न लावता रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, हिमोग्लोबिन, सीट सरळ ठेवून बसता येतं का, लघवी-शौच स्वतः जमतं का, सोबत कोण आहे. डॉक्टरांकडे जाताना कंपनीचाच फॉर्म न्यावा, कारण प्रत्येकीचा नमुना थोडा वेगळा असतो. आणि जुनी चिठ्ठी चालत नाही. किती दिवसांच्या आतली हवी ते फॉर्मवर दिलेलं असतं. प्रकृती तीच असून वारंवार प्रवास करावा लागत असेल, तर काही कंपन्या फ्रीमेक नावाचं कार्ड देतात. मग दर वेळी फॉर्म भरावा लागत नाही.

एवढी चौकशी का, हे विमानातल्या हवेकडे पाहिलं की कळतं. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं आणि आतला दाब जमिनीइतका ठेवला जात नाही. तो साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. ८,००० फुटांच्या दाबाला श्वासातून मिळणारा ऑक्सिजन जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखा पडतो; नेहमीच्या हवेत तो २१ टक्के असतो. निरोगी माणसाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण थोडं उतरतं आणि त्याला पत्ताही लागत नाही. पण जमिनीवरच ज्याचं ९२-९३ टक्के असतं, त्याचं काय होईल हे आधी बघायला हवं. त्यासाठी एक तपासणी आहे: फुप्फुसांच्या प्रयोगशाळेत साधारण वीस मिनिटं १५ टक्के ऑक्सिजनची हवा देऊन रक्तातला ऑक्सिजन मोजतात. घरातल्या पल्स ऑक्सिमीटरवर सोफ्यात बसून आलेला आकडा या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

दाब कमी झाला की दुसरी गोष्ट घडते. शरीरात अडकलेली हवा साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगते. पोटाच्या ऑपरेशननंतर थांबायला सांगतात ते यासाठी. ब्रिटनमध्ये दिले जाणारे ढोबळ आकडे असे: दुर्बिणीतून केलेल्या साध्या ऑपरेशननंतर ४ ते ५ दिवस, छातीच्या किंवा पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर १० दिवस. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये आत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत उडायचंच नाही. कोणता वायू वापरला त्यावर दोन ते सहा आठवडे लागतात. घाई केली तर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. नवं प्लास्टर असेल तर आत सूज वाढते. दोन तासांच्या आतल्या प्रवासाला २४ तास आणि त्याहून लांबच्याला ४८ तास थांबायला सांगतात, किंवा प्लास्टर उभं चिरून घ्यायला. फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर त्या अवस्थेत उडता येत नाही.

या फुगण्याचे बारीक परिणाम फॉर्मवर नसतात, पण त्रास त्यांचाच होतो. स्टोमा बॅग (पोटावरच्या छिद्राला लावलेली मलाची किंवा लघवीची पिशवी) निघण्याआधी रिकामी करावी आणि प्रवासात नेहमीपेक्षा मोठी लावावी. बॅगची चकती घरीच कापून न्यावी, कारण कात्री सिक्युरिटीत अडकू शकते. लघवीच्या नळीचा फुगा पाण्याने भरलेला असावा, हवेने नव्हे. श्वासासाठी घशात बसवलेल्या नळीच्या कफमध्ये, म्हणजे तिच्याभोवतीच्या फुग्यात, हवा असेल तर तिचा दाब उड्डाणात वाढतो. हवेऐवजी सलाइन भरायचं का, ते डॉक्टरांना आधी विचारावं. आणि व्हीलचेअरवर हवेच्या कप्प्यांची गादी असेल तर तीही वर गेल्यावर कडक होते. झडप किंचित सोडून हवा कमी करावी आणि उतरल्यावर पुन्हा भरावी. तासन्‌तास कडक गादीवर बसून झालेली जखम भरायला महिने लागू शकतात.

ऑक्सिजनसाठी स्वतःचा सिलिंडर बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत. चालतं ते पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं छोटं यंत्र), आणि तेही कंपनीच्या मान्य यादीतलं किंवा विमानात वापरण्यायोग्य असल्याचं लेबल असलेलं. इथे दोन चुका होतात. पहिली बॅटरीची. अमेरिकी नियमानुसार कंपनी उड्डाणाच्या कमाल वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या बॅटऱ्या मागू शकते. सहा तासांच्या उड्डाणाला नऊ तास. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘एक बॅटरी चार तास’ लिहिलेलं असतं, पण ते बहुधा सगळ्यात खालच्या सेटिंगला. तीनवर ठेवलं की तीच बॅटरी खूप लवकर उतरते. म्हणून स्वतःच्या सेटिंगवर, घरी, घड्याळ लावून मोजावं आणि त्या आकड्याने भागाकार करावा. सीटखालच्या सॉकेटवर विसंबू नये. तो असेलच, चालेलच, पुरेशी वीज देईलच असं नाही. दुसरी चूक सेटिंगची. बरीच लहान यंत्रं श्वास घेतला की तेवढ्यापुरता झोत सोडतात, सतत प्रवाह देत नाहीत. ज्याला सतत दोन लिटर लागतात त्याला यंत्रावरचा ‘दोन’ आकडा पुरेलच असं नाही. फॉर्मवर प्रवाह सतत की झोतात, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. काही कंपन्या विमानात स्वतःचा ऑक्सिजन पैसे घेऊन पुरवतात, पण तो विमानाच्या दाराशी संपतो. मधल्या विमानतळावरचे चार तास कशावर काढायचे, ते वेगळं ठरवावं लागतं.

स्ट्रेचरबद्दल थोडक्यात. मागच्या काही सीट पाडून त्यावर स्ट्रेचर बसवतात, साधारण सहा ते नऊ सीटची जागा जाते आणि भाडंही त्या मानाने पडतं. सोबत डॉक्टर किंवा नर्स लागते, तयारीला काही दिवस लागतात, आणि प्रत्येक विमानात हे बसतंच असंही नाही. रुग्ण उड्डाणाच्या सुरुवातीला आणि शेवटी सरळ बसू शकत असेल तर बिझनेस क्लासची सपाट होणारी सीट स्वस्तात पडते का, ते आधी विचारावं.

स्वतःची व्हीलचेअर विमानाच्या पोटात जाते. साधी घडीची असेल तर फार प्रश्न येत नाही. बॅटरीवर चालणारी असेल तर कंपनी तीन गोष्टी विचारते: बॅटरीचा प्रकार, मापं, वजन. बॅटरी द्रव आम्लाची, सीलबंद की लिथियम, त्यावर कोड बदलतो. लिथियम बॅटरी काढता येण्यासारखी असेल तर ती काढून केबिनमध्ये न्यावी लागते आणि तिला मर्यादा आहे: एक असेल तर ३०० वॉट-अवर, दोन असतील तर प्रत्येकी १६०. लेबलवर वॉट-अवर लिहिलेले नसतील तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावं. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८, चालते. २४ आणि २० म्हणजे ४८०, तिला काढून वर नेता येत नाही. मात्र बॅटरी खुर्चीतच पक्की बसवलेली आणि सुरक्षित असेल तर ही मर्यादा लागत नाही, ती खुर्चीसकट खाली जाते. खुर्ची विकत घेतानाच हा प्रश्न विचारावा. दुकानात ‘विमानात चालते’ असं सगळ्याच खुर्च्यांबद्दल सांगतात.

मापं विचारतात ती कार्गोच्या दारासाठी. बोइंग ७३७ च्या सामानाच्या दाराची उंची ९० सेंटिमीटरच्याही आत आहे. एअरबस ए३२० चं दार साधारण १२० सेंटिमीटर. पाठ सरळ असलेली मोठी खुर्ची पहिल्यात उभी जात नाही. पाठ दुमडत नसेल तर ती आडवी करून घुसवतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. जॉयस्टिक आधी तुटते, कारण ती बाहेर आलेली असते आणि दीडशे किलोची खुर्ची ढकलायला तेवढीच मूठ हाताला लागते. मोटर गिअरमध्ये असताना ढकलली की आतून नुकसान होतं ते वेगळंच. यावर उपाय कागदाचा आहे. खुर्चीच्या पाठीला मोठ्या अक्षरांत, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं पान बांधावं: गिअर सोडायचा खटका कुठे (फोटोसकट, बाणासकट), बॅटरी कशी तोडायची, पाठ कशी दुमडते, कुठे धरून उचलायचं, कुठे अजिबात धरायचं नाही, वजन किती. मजकूर कमी, चित्रं जास्त. वाचणारा माणूस कमी उजेडात, घाईत आणि परक्या भाषेत वाचत असतो. गादी, पायटेकू, डोक्याची उशी, जे काही सुटं होतं ते काढून पिशवीत आपल्याबरोबर न्यावं. जॉयस्टिक काढता आली तर काढावी, नाही तर फेस गुंडाळून आत वळवावी. देण्याआधी चारही बाजूंनी आणि चालू स्थितीत व्हिडिओ काढावा.

खुर्ची चेक-इनला देऊन टाकायची सक्ती सहसा नसते. गेटपर्यंत स्वतःच्या खुर्चीतून जाता येतं. तिथे ‘विमानाच्या दाराशी परत’ असा टॅग लावून घ्यावा. हा टॅग नसला की ती उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याकडे जाते, आणि मधलं सगळं अंतर विमानतळाच्या खुर्चीत काढावं लागतं. ज्याला पाठीला आणि मानेला खास आधार लागतो त्याला तेवढं अंतरही जड जातं.

दारापासून सीटपर्यंतच्या चिंचोळ्या वाटेसाठी आयल चेअर असते: अरुंद बैठक, चार लहान चाकं, छातीला आणि पायांना पट्टे. हातांना टेकू नसतो, त्यामुळे हात पोटावर घडी करून ठेवावे; बाहेर लोंबले तर सीटच्या कडांना घासतात. खुर्ची सीटशेजारी आली की पहिली गोष्ट सीटच्या वाटेकडच्या हातटेकूची (आर्मरेस्टची). तो पक्का वाटतो, पण बऱ्याच सीटना त्याच्या खालच्या बाजूला, मागच्या बिजागरीजवळ, एक लहान खटका असतो. बोटाने तो दाबून हातटेकू वर उचलला की सरकायला मोकळी जागा मिळते. हे सगळ्याच कर्मचाऱ्यांना माहीत असतं असं नाही, आणि मग माणसाला हातटेकूवरून उचलून पलीकडे ठेवायचा खटाटोप सुरू होतो. उचलणारे दोघं असतात: एक मागून काखेखालून हात घालून मनगटं धरतो, दुसरा गुडघ्यांखाली. मोजायचं कोणी, तीनवर की तीननंतर, हे प्रवाशाने ठरवून सांगावं. दंडाला धरून ओढू द्यायचं नाही. अर्धांगाच्या बाजूचा खांदा अशानेच निखळतो.

याच कारणासाठी पहिली, भिंतीसमोरची रांग दर वेळी सोयीची नसते. पाय पसरायला जागा मिळते, पण ट्रे हातटेकूत बसवलेले असल्यामुळे तिथले हातटेकू वर होत नाहीत. बाजूने सरकून बसणाऱ्यासाठी मागची साधी रांग बरी. आपत्कालीन दाराची रांग कोणालाच मिळणार नाही. काही कंपन्या न चालणाऱ्या प्रवाशाला खिडकीची सीट देतात, बाहेर पडताना इतरांची वाट अडू नये म्हणून. ते आधी विचारून घ्यावं, कारण मग सरकायचं अंतर तिप्पट होतं.

केबिन क्रू काय करत नाही, हेही माहीत हवं. ते भरवत नाहीत, औषध किंवा इंजेक्शन देत नाहीत, उचलत नाहीत, टॉयलेटच्या आत मदत करत नाहीत. पाकीट फोडून देतात, ताटात काय कुठे आहे ते सांगतात, आणि विमानातली छोटी खुर्ची असेल तर टॉयलेटच्या दारापर्यंत नेतात. ती खुर्ची विमानात आहे का, हे बुकिंगलाच विचारायचं, कोड डब्ल्यूसीओबी. सीटच्या रांगांमधून एकच वाट असलेल्या विमानात टॉयलेट इतकं लहान असतं की मदतनीस आत मावतच नाही. पट्टा स्वतः लावता येत नसेल किंवा सूचना समजत नसतील तर कंपनी सोबत माणूस हवाच म्हणते, आणि त्याचं तिकीट बहुतेक ठिकाणी आपल्यालाच काढावं लागतं. टॉयलेट टाळण्यासाठी आदल्या दिवसापासून पाणी तोडणारे खूप आहेत. केबिनची हवा आधीच कोरडी, त्यात बसून राहणं. पायात गुठळी व्हायला आणखी काय लागतं? नळी, पॅड किंवा बाहेरून लावायची पिशवी यांबद्दल डॉक्टरांशी आधी मोकळेपणाने बोलावं.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह, आणि मुक्कामापेक्षा काही दिवसांची जास्त. इन्सुलिन खालच्या सामानात गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. औषधी द्रवांना १०० मिलिलिटरची मर्यादा सहसा लागत नाही, पण ते बॅगेतून काढून वेगळे दाखवावे लागतात. इन्सुलिन पंप आणि साखर मोजणारे काही सेन्सर एक्स-रे किंवा बॉडी स्कॅनरमधून नेऊ नयेत असं त्यांच्या कंपन्याच सांगतात. हाताने तपासणी मागावी. पेसमेकरवाल्यांनी कार्ड जवळ ठेवावं आणि हातातला डिटेक्टर त्या जागेवर धरून ठेवू नका, असं सांगावं.

उतरताना सीटवरून उठण्याआधी क्रूला विचारावं, खुर्ची दारात आली का. आली नसेल तर चौकशी होईपर्यंत सीटवरच थांबावं; एकदा विमानाबाहेर पडलं की ती शोधायची निकड फक्त आपलीच उरते. आली की बसण्याआधी पाहावी: चाकं, ब्रेक, जॉयस्टिक, चौकट, आणि चालू करून दोन फूट पुढे-मागे. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडण्याआधी नुकसानीचा अहवाल लिहून त्याचा क्रमांक घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार लेखी तक्रार सात दिवसांच्या आत जावी लागते, आणि भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. चांगल्या मोटारच्या खुर्चीच्या किमतीपुढे ही रक्कम फारच थोडी. ती वाढवायची असेल तर चेक-इनला खुर्ची देतानाच विशेष मूल्य जाहीर करून तसं लेखी घ्यावं लागतं. काही कंपन्या त्याला शुल्क लावतात, काही खुर्चीसाठी माफ करतात. खुर्चीच्या खरेदीचं बिल त्या दिवशी मोबाईलमध्ये असावं.